गर्भारपणातला मोकळा वेळ कोणाचा?

पहिल्या दोन मुलांच्या वेळी नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली ही दुरुस्ती झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती तशीच ठेवली. बंगळुरातल्या व्हाइटफील्डच्या आयटी पार्कात किंवा आसपासच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या मुलींना हा हिशेब तोंडपाठ असतो आणि पुष्कळ जणी तो एकाच रीतीने मांडतात. आधीचा एकही आठवडा खर्च करायचा नाही. जमेल तितक्या शेवटच्या दिवसापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवायचा आणि रजा अख्खी बाळासाठी राखायची.

याच महिन्यांत पुण्याहून, सोलापूरहून, बेळगावहून फोन येत असतात. आता जरा निवांत राहा गं. चांगलं काहीतरी वाच. दोन टोपडी विणायला घे, हात गुंतलेले बरे. आणि ते बाहेरचं मागवणं बंद कर, घरी करून खा. सल्ला प्रेमाचा आहे आणि सुटा सुटा घेतला तर त्यातलं काहीच वावगं नाही. पण तिन्ही गोष्टी नऊ तासांच्या नोकरीत मिळवून पाहिल्या की निवांतपणाच्या नावाखाली दुसरी पाळी सुरू होते. म्हणून प्रश्न पडतो की वाचन, विणकाम आणि घरचा स्वयंपाक या गोष्टी गर्भारशीला काही देतात, की तिच्याकडून काही घेतात?

दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. आया म्हणतात त्यात एकटेपणाची खरी काळजी आहे. व्हाइटफील्ड ही १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर, डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेली शेतीवाडीची वसाहत. आज तिथे टोलेजंग इमारती आहेत, चौदाव्या मजल्यावर दोघांचंच घर आहे आणि नवरा रात्री अमेरिकेबरोबरच्या कॉलवर आहे. शेजारी कन्नड, तमिळ, बंगाली, ओडिया, सगळे सज्जन आणि सगळे घाईत. २०२३ पासून कडुगोडीहून मेजेस्टिकपर्यंत मेट्रो थेट जाते, त्यामुळे गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ नकाशावर तरी जवळ आलं. तरीही आठव्या महिन्यात तेवढं जाऊन येणं सगळ्यांना झेपत नाही. अशा घरात हाताला काम आणि मनाला विरंगुळा हवा असं आईला वाटलं तर ते जुनाट म्हणून उडवून लावता येणार नाही.

मुलींचं म्हणणं वेगळं आहे. त्यांना वाचायचंही असतं, विणायचंही असतं. अडचण अशी की या काळात सांगितलेल्या प्रत्येक छंदाला बाळाच्या भल्याची शेपटी जोडलेली असते. वाचायचं ते बाळ हुशार व्हावं म्हणून, विणायचं ते बाळाला उबदार वाटावं म्हणून, रांधायचं ते बाळाचं पोषण व्हावं म्हणून. बाई मध्ये आहे, पण ती वाटेसारखी. जाणारा माल दुसऱ्याचा.

जुन्या सल्ल्याची छाननी करणं म्हणजे पाश्चात्त्य खूळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी आनंदीबाई जोशींची आठवण ठेवावी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. पुढे फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला त्याचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हाच होता. ते वर्ष १८८६. परंपरेकडे परीक्षकाच्या नजरेनं बघण्याची रीत आपल्या घरात तेव्हापासून आहे.

आधी वाचनाचं बघू. इथे भाबडी समजूत आणि प्रयोगशाळा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की फरक करायला डोळे उघडे ठेवावे लागतात. सुभद्रेच्या पोटात असताना अभिमन्यूने चक्रव्यूह ऐकला ही गोष्ट आपल्याकडे गर्भसंस्काराच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते. १९८६ साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स या संशोधकांनी गर्भारपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत काही स्त्रियांना मुलांच्या गोष्टीतला एकच उतारा रोज दोनदा मोठ्याने वाचायला सांगितला. जन्मानंतर दोन-तीन दिवसांच्या बाळांना चोखणीतून अशी सोय दिली की चोखण्याची लय बदलली की कानावर येणारा उतारा बदलेल. बाळांनी ओळखीचा उतारा निवडला, आणि तो परक्या बाईच्या आवाजात असतानाही निवडला. पुढे २००९ साली जर्मन आणि फ्रेंच नवजात बाळांच्या रडण्याची तुलना झाली तेव्हा फ्रेंच बाळांचं रडणं चढत्या सुराकडे आणि जर्मन बाळांचं उतरत्या सुराकडे झुकलेलं आढळलं, त्या त्या भाषेच्या चालीसारखं.

म्हणजे ऐकू जातं, हे खरं. पण काय पोचतं? चाल पोचते, लय पोचते, आईचा आवाज पोचतो. अर्थ पोचत नाही. चक्रव्यूहाचं नव्हे, फार तर सांगणाऱ्याच्या बोलण्याचं वळण अभिमन्यूच्या ओळखीचं झालं असतं. या एवढ्याशा सत्यावर हुशारीचे इमले बांधायची हौस फक्त आपल्यालाच आहे असं मात्र नाही. १९९३ साली ‘नेचर’मध्ये ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा एक छोटा प्रयोग आला. मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या एका परीक्षेत त्यांचे गुण दहा-पंधरा मिनिटांपुरते किंचित वाढले होते. त्यात बाळ एकही नव्हतं. तरी पाच वर्षांत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीत मोफत द्यायचा प्रस्ताव मांडला. पोटाला हेडफोन लावणाऱ्या आजच्या व्हाइटफील्डकराला हसण्याआधी हे लक्षात घ्यावं.

माझ्या मते या संशोधनातून परगावी राहणाऱ्या मराठी घराला एक गोष्ट नक्की मिळते, आणि ती बुद्ध्यंकापेक्षा मोलाची आहे. आईने आपल्या भाषेत मोठ्याने वाचलेलं वाया जात नाही. बाहेर कन्नड, घरकामाच्या बाईशी मोडकी हिंदी, कामावर इंग्रजी, अशा धबडग्यात दिवसातून पंधरा मिनिटं मराठी वाक्यांची चाल कानावर पडली तर बाळाला ती ओळखीची होईल. दोन भाषांनी गोंधळ उडेल ही भीतीही नको. कॅनडातल्या एका अभ्यासात गर्भारपणी इंग्रजी आणि तागालोग या दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांच्या नवजात बाळांनी दोन्ही भाषांत रस दाखवला, आणि त्या वेगळ्या आहेत हेही त्यांना उमगत होतं.

एकदा लयच पोचते म्हटलं की ‘चांगलंच वाच’ या अटीचा पाया डळमळतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी हे गर्भारशीच्या कपाटातून हद्दपार होणारे पहिले दोन लेखक असावेत. बाळाला त्यातलं भूत कळत नाही. आईची झोप उडत असेल तर पुस्तक दिवसा वाचावं, इतकाच काय तो नियम. उलट सात्त्विक म्हणून हाती दिलेलं पुस्तक कंटाळवाणं असेल तर त्या कंटाळ्याचा कोणाला उपयोग आहे? रमाबाई रानड्यांना घरातल्या बायकांचे टोमणे ऐकत वाचायला शिकावं लागलं. त्या वाचनावर तेव्हा आक्षेप होता तो बाईने स्वतःसाठी वाचण्याला. आज आक्षेप नाही, प्रोत्साहन आहे, पण त्यातून ‘स्वतःसाठी’ हा शब्द अलगद गळला आहे. तो परत घालायला हवा. पहिल्या तीन महिन्यांत ओकाऱ्यांनी अक्षरं नाचतात तेव्हा ऐकण्याचा मार्ग आहेच. स्टोरीटेलवर २०१७ पासून मराठी पुस्तकं ऐकता येतात, बुकगंगावरून ई-पुस्तक घेऊन अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. आणि नाहीच वाचावंसं वाटलं तर न वाचता पडून राहावं. त्याने बाळाचं काही बिघडत नाही, हे डॉक्टरांच्या बरोबरीने सासूबाईंनीही सांगितलं तर जास्त पटेल.

विणकाम-शिवणकामाची बाजू मला वाचनाहून अधिक बळकट वाटते, कारण तिथे फळ डोळ्यांसमोर असतं आणि ते कोणाच्या बुद्धीशी बांधलेलं नसतं. जुन्या मऊ नऊवारीचं दुपटं, झबली, कुंची, आजीच्या दोन साड्या आत-बाहेर लावून धावदोऱ्याने भरलेली गोधडी. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीतली पहाट तर बोचरी असतेच, पावसाळ्याच्या संध्याकाळीही अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. लोकरीचा एक स्वेटर इथे शोभेचा राहत नाही, वापरला जातो. इरकली नेसणाऱ्या आज्यांच्या घरात कशिद्याचा टाका ओळखीचा असतो, आणि तो धारवाडकडून आलेल्या शेजारणीकडून शिकता येतो. दोन बायका एका कापडावर वाकल्या की भाषा आडवी येत नाही. खुळखुळा मात्र विकतच घ्यावा. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणात लाखेच्या रंगांत घुटून केलेली लाकडी खेळणी मिळतात, आणि त्या कारागिरांचंही घर चालायला हवं.

तरी हौसेलाही पथ्य आहे. गर्भारपणात अंगात पाणी साठतं, मनगटातली नस दबते आणि बोटांना मुंग्या येतात. हे दुखणं या काळात नेहमीचं आहे आणि दिवसभर कीबोर्डवर असलेल्या हाताने रात्री सुया धरल्या तर ते वाढतं. एका बैठकीत टोपडं संपवण्याचा हट्ट पायांच्या सुजेलाही मानवत नाही. दुसरं पथ्य आज्यांना रुचणार नाही, पण सांगायलाच हवं. गोधडी बाळाच्या अंगाखाली दिवसा, कोणी समोर असताना, खुशाल घालावी. झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ मात्र सैल पांघरूण, उशी, लोड काही नको, आणि खोलीत झोपताना डोक्यावर टोपडंही नको. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना हे वर्षानुवर्षं सांगते आहे, कारण अचानक होणाऱ्या बालमृत्यूंशी मऊ अंथरुणाचा आणि अति उष्म्याचा संबंध दिसला आहे. ज्या घरात गोधडी महिनाभर खपून शिवली तिथे ती पाळण्याबाहेर ठेवायला मन धजत नाही. हौस आणि सुरक्षितता यांत इथे खरा झगडा आहे, आणि त्यात हौसेने हरायला हवं.

सुईवरून ग्रहण आठवतं. ग्रहण लागलं की गर्भारशीने चिरायचं नाही, शिवायचं नाही, काही खायचं नाही, ही यादी आता सोसायटीच्या ग्रुपवरही फिरते. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण बंगळुरातूनही दिसणारं होतं. सुई धरल्याने बाळाचा ओठ फाटतो याला कसलाही आधार नाही. तीन तास विळी-सुई बाजूला राहिली तर बिघडत नाही, थोडी विश्रांतीच मिळते. अन्नपाणी बंद ठेवणं मात्र वेगळं. साखरेचा त्रास असलेल्या बाईला ते बाधू शकतं. आईचं मन राखायला पलंगावर पडून राहावं आणि पाणी प्यावं, अशी तडजोड करायला हरकत नसावी.

आता स्वयंपाक. इथे माझं मन सगळ्यात जास्त दोलायमान होतं, म्हणून थोडं थांबून बघू.

घरच्या अन्नाची बाजू भक्कम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. व्हाइटफील्डची पगारदार मुलगी त्यात नसेलच असं नाही. डब्यातून किंवा ॲपवरून येणाऱ्या जेवणात तेल-मीठ किती आणि पालेभाजी किती हे आपल्या हाती नसतं. उलट दारावरच्या गाडीवर सोप्पु म्हणून जे ढीग असतात त्यांत शेपू असतो, मेथी असते, राजगिरा असतो, शेवग्याचा पाला असतो. कानडी मुलखाची नाचणी तर कॅल्शियमसाठी नावाजलेली. पालेभाजीवर लिंबू पिळणं आणि जेवणावर लगेच चहा न पिणं, एवढ्या दोन घरगुती सवयींनी लोह अंगी लागायला मदत होते. कडधान्याला मोड आणून उसळ करावी, कच्चे मोड या दिवसांत टाळावेत. हे बारकावे घरच्या ओट्यावरच सांभाळता येतात. पण ताटाने सगळं भागतं असंही नाही. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडची गोळी सांगितली आहे आणि तिची जागा कुठलाही लाडू घेत नाही.

मग ‘दोन जिवांचं खा’? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीत गर्भवतीला दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जादा सांगितल्या आहेत. म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि एखादं फळ. दुसऱ्या जिवाचं ताट ते एवढंच. आपल्याकडच्या बायकांत गर्भारपणातला मधुमेह पुष्कळ आढळतो, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासायची पद्धत पडली आहे. १४० चा आकडा ओलांडला की डोहाळजेवणाच्या ताटातले जिलबी आणि श्रीखंड फोटोपुरते उरतात. तिथे यजमानीणबाईंनी आग्रह आवरावा. पेढा निघाला की बर्फी, हा खेळ वाटी झाकूनही होतो, खाल्लंच पाहिजे असं नाही. दुसऱ्या टोकाचा सल्लाही तपासून घ्यावा. २०१७ साली आयुष मंत्रालयाच्या एका पुस्तिकेत गर्भवतींनी मांसाहार टाळावा आणि खोलीत सुंदर चित्रं लावावीत असं सुचवलं होतं. चित्रांना कोणाची हरकत नव्हती. पण अंडी-मासे खाणाऱ्या मालवणी किंवा कोल्हापुरी मुलीच्या ताटातून प्रथिनं आणि लोह काढून घेण्यावर डॉक्टरांनी टीका केली, ती रास्तच होती.

इथवर स्वयंपाकाचा पक्ष वरचढ आहे. पण यातलं काहीही गर्भारशीनेच रांधावं असं सांगत नाही. अन्न घरचं हवं, हे मान्य. ओट्याशी कोण उभं राहणार, हा प्रश्न निराळा आहे, आणि आपल्या सल्ल्यांत हे दोन प्रश्न एकाच वाक्यात गुंडाळलेले असतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ जातो आणि करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. आणखी एक गंमत कायद्यात आहे. १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाच्या आधीच्या शेवटच्या महिन्यांत, बाईने मागणी केल्यास, तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये असं मालकावर बंधन घातलं. घरच्या ओट्यापाशी मात्र मालक कोण हे ठरलेलं नसल्याने बंधनही कोणावर नाही.

पहिल्या तीन महिन्यांत फोडणीचा वास नकोसा होतो. नव्या इमारतींत स्वयंपाकघर आणि दिवाणखाना एकच असल्यामुळे वासापासून पळायला दुसरी खोलीही जवळ नसते. अशा वेळी ‘घरी करून खा’ हा सल्ला शिक्षा होतो. आणि तरीही, मधल्या महिन्यांत मळमळ सरली, अंगात जरा जोम आला की काही जणींना खरोखर रांधावंसं वाटतं. आईच्या हातचं थालीपीठ आठवतं, पण आई सोलापुरात. मग भाजणी स्वतः भाजायची, खमंग वासाने घर भरायचं, आणि पहिलं थालीपीठ तव्यावरूनच खायचं. हा आनंद खोटा नाही. त्याला घरकाम म्हणून हिणवणाऱ्या आधुनिक मैत्रिणीही बाईला काय वाटतं ते विचारत नाहीत. शिक्षा आणि आनंद यांमधला फरक पदार्थात नसतोच. मधेच कंटाळा आला तर गॅस बंद करून सोफ्यावर जाता येतं का, आणि गेलं तर घरात कोणी तोंड वाकडं करतं का, एवढंच विचारावं. अर्धवट टाकलेली कादंबरी, अर्धवट टोपडं, अर्धवट मळलेली कणीक. ज्या घरात या तिन्हींकडे कोणी बोट दाखवत नाही तिथे तिला हवं ते करू द्यावं.

डोहाळे पुरवण्याची आपली रीत मुळात याच बाजूची आहे. डोहाळजेवणात गर्भारशी फुलांच्या वाडीत झोपाळ्यावर बसते आणि रांधतात, वाढतात, ओटी भरतात त्या बाकीच्या. कर्नाटकातल्या सीमंतातही हातभर बांगड्या भरून घेणं एवढंच तिचं काम. ‘रघुवंशा’त सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागतात तेव्हा राजा दिलीप तिच्या सखींना विचारत राहतो की राणीला काय हवं आहे. (माती खावीशी वाटणं हे रक्तातलं लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे आज दिलीपाला कोणीतरी सांगायला हवं.) अर्थात ही सणाच्या दिवसाची गोष्ट झाली. एरवी आपल्या आज्या-पणज्या कळा येईपर्यंत शेतात आणि चुलीपाशीच होत्या, आणि ते आठवून ‘आम्ही नाही का केलं’ म्हणणं सोपं असतं.

या सगळ्या चर्चेच्या कडेला आणखी एक बाई उभी आहे. व्हाइटफील्डच्या पुष्कळ घरांत पोळ्या लाटायला येते ती रायचूर-कलबुर्गीकडून किंवा बंगालमधून आलेली असते, आणि कधी कधी तीही पोटुशी असते. तिला २६ आठवडे नाहीत, आठही नाहीत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठीचे पाच हजार रुपये आहेत, कागद जुळले तर. कर्नाटकाने २०१७ साली सुरू केलेल्या मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत गर्भवतीला एक वेळचं गरम जेवण मिळतं, म्हणजे दुसऱ्याच्या हातचं ताट तिच्याही वाट्याला यावं हे निदान सरकारने मानलं. पण ते दुपारी, जेव्हा ती आपल्या ओट्यापाशी असते. आपल्या मुलीने उभं राहू नये म्हणून तिने उभं राहायचं, हा हिशेब पटणारा नाही. तिला पगारी सुट्टी देणं आणि तेवढे दिवस डबा लावणं हे अवघड नाही. घरच्या अन्नाचा आग्रह त्या महिन्यात सैल करावा लागेल, तर करावा.

छंदांकडून एक अपेक्षा मात्र कोणीच ठेवू नये. ‘मन रमव, सगळं ठीक होईल’ हे वाक्य थकव्याला आणि कंटाळ्याला चालतं, आजाराला चालत नाही. भारतातल्या अनेक अभ्यासांचा मेळ घालून २०१७ साली काढलेल्या अंदाजात बाळंतपणानंतर नैराश्याने घेरलेल्या आयांचं प्रमाण २२ टक्के होतं, आणि त्याची सुरुवात गर्भारपणातही होऊ शकते. ज्या मुलीला आवडतं पुस्तक उचलावंसंही वाटत नाही, झोप लागत नाही, सारखं रडू येतं, तिच्या हातात लोकर देऊन भागत नाही. याच शहरात निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि आई व बाळाला एकत्र दाखल करून घेणारा देशातला पहिला विभाग तिथे २००९ साली सुरू झाला. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कुठूनही लागतो.

मग त्या आठ आठवड्यांचं काय? आधी घेतलेला प्रत्येक आठवडा बाळाजवळच्या दिवसांतून वजा होतो, त्यामुळे मुलींचा हिशेब चुकीचा म्हणवत नाही. जिच्या मदतीला आई-सासू येणार नाहीत तिला नंतरचा एकेक आठवडा सोन्यासारखा आहे, तिने तो राखावा. जिची आई उद्यान एक्सप्रेसने अळीव, डिंक आणि जुन्या साड्यांची पिशवी घेऊन येणार आहे, तिने मात्र दोन-तीन आठवडे आधी घेण्याचा विचार जरूर करावा, आणि ते आठवडे गर्भसंस्काराच्या वेळापत्रकाने भरू नयेत.

खरं तर ही निवड तिच्यावर पडायलाच नको होती. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीत मात्र ती कायद्याने कोणाला मिळत नाही. व्हाइटफील्डच्या कंपन्या सणावारी गर्भवती कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा भरवतात, पिशवीतून रंगीत पुस्तिका देतात. त्याऐवजी चौतिसाव्या आठवड्यानंतर रात्रीचे कॉल बंद करावेत, आणि बापालाही त्या महिन्यात संध्याकाळी सातला मोकळं करावं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने वरणभात शिकवते आहे. ती मापं बायकांनाच लागू पडतात असं पुस्तकात कुठे म्हटलेलं नाही.